वीज गेली, पंप थांबला: टेक्सासच्या गारठ्यात स्विमिंग पूलची यंत्रं रिकामी करताना

टेक्सासमध्ये घरामागचा स्विमिंग पूल हिवाळ्यात बंद करायची पद्धत नाही. न्यू जर्सीत किंवा शिकागोकडे थंडी पडायच्या आधी पाइपांतलं पाणी हवेच्या दाबाने फुंकून काढतात, गुलाबी अँटिफ्रीझ ओततात, वरून जाड कव्हर ओढतात आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. इथला हिवाळा म्हणजे बहुतेक दिवस सकाळी स्वेटर आणि दुपारी हाफ शर्ट. त्यामुळे पूल बारा महिने भरलेला आणि पंप, फिल्टर, हीटर, व्हॉल्व्ह असं त्याचं सगळं सामान घराच्या मागच्या भिंतीलगत सिमेंटच्या ओट्यावर, उघड्यावर. वर छप्पर नाही, पाइपांना काही गुंडाळलेलं नाही.

थंडीत या सामानाला वाचवतं ते वाहतं पाणी. ओट्यावरच्या कंट्रोल बॉक्सला एक सेन्सर असतो. हवा तीन-चार अंश सेल्सिअसच्या खाली गेली की तो पंप आपोआप सुरू करतो. पूलमधला पाण्याचा साठा मोठा, तो लवकर गार होत नाही, आणि तेच पाणी फिरत राहिलं की पाइपात बर्फ धरत नाही. याला इथे फ्रीझ गार्ड म्हणतात. व्यवस्था चांगली आहे, पण ती सगळी विजेच्या भरवशावर. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये वीजच गेली.

त्या आठवड्यात हवामान खात्याचे इशारे आधीपासून येत होते. रविवारी, १४ तारखेला, बर्फ पडला. सासूबाई कोविडमुळे इकडेच अडकल्या होत्या. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला. कढीपत्ता, तुळस, मोगरा अशा सगळ्या कुंड्या मी आदल्या दिवशीच घरात ओढल्या होत्या. पूलचा पंप रात्रंदिवस चालू होता, त्याची घरघर बेडरूमच्या खिडकीतून ऐकू यायची. तोवर मला पूलची काळजी नव्हती.

सोमवारी पहाटे १ वाजून २५ मिनिटांनी टेक्सासच्या ग्रिडने, म्हणजे राज्यभर वीज पोचवणाऱ्या जाळ्याने, लोडशेडिंग सुरू केलं. वीजकेंद्रं गारठून बंद पडत होती, त्यांना गॅस पुरवणाऱ्या यंत्रणा गोठत होत्या आणि लाखो घरांत हीटर एकदम चालू होते. टेक्सासची ग्रिड देशाच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या ग्रिडपासून जवळजवळ वेगळी आहे, त्यामुळे बाहेरून वीज आणायची तरी किती! सगळी ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे नंतर जाहीर झालं. वीज आळीपाळीने जाईल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक ठिकाणांना वीज देणाऱ्या लाइन वगळल्यावर आळीपाळीने फिरवायला काही उरलंच नाही, आणि ज्यांची वीज गेली त्यांची ती दिवसचे दिवस गेली. सर्वांत वाईट वेळी ४५ लाखांहून जास्त घरं आणि दुकानं अंधारात होती. आमच्या सांगलीकडे लोडशेडिंगला निदान वेळापत्रक असायचं.

आमची वीज दोनच्या सुमारास गेली. मला जाग आली ती घरघर थांबल्यामुळे.

नवरा म्हणाला, "अगं, झोप. येईल अर्ध्या तासात."

"आली तर परत भरू पाणी. नाही आली तर सकाळपर्यंत पंप फुटलेला असेल."

हे मी इतक्या ठामपणे म्हणू शकले याला कारण आहे. पूर्वी आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला भाड्याने राहायचो, तेव्हा घरमालकाचा पूल दर वर्षी बंद करायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. मी मेकॅनिकलवाली, त्यामुळे त्यांच्या मागे मागे फिरून प्रश्न विचारायचे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: पाणी गोठलं तर गोठू दे, कोंडून गोठू नये. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण ९ टक्क्यांनी फुगतो. पूलच्या पृष्ठभागावर बर्फ धरला तर त्याला वर फुगायला जागा असते. पंपाच्या डब्यात, फिल्टरच्या टाकीत, हीटरच्या नळ्यांत ती नसते. मग प्लॅस्टिक फुटतं, तांबंही फाटतं. म्हणून वीज नसेल तर यंत्र गरम ठेवायच्या नादी न लागता ते रिकामं करायचं.

गल्लीत बहुतेकांनी रजया आणि ताडपत्र्या टाकल्या होत्या. पंप चालू असेल तर रजईचा उपयोग होतो, कारण आतलं पाणी थोडी ऊब घेऊन येत असतं. थांबलेल्या पाण्यावरची रजई फक्त थोडा वेळ मिळवून देते. उणे १३ च्या आसपासच्या हवेत आणि त्या वाऱ्यात तो वेळ फार नव्हता.

आम्ही दोघं बाहेर पडलो. नवऱ्याच्या हातात टॉर्च, माझ्या हातात पान्हा आणि पक्कड. आधी पूलचे सगळे ब्रेकर बंद केले. हे विसरून चालत नाही, कारण मध्येच वीज आली तर सेन्सर रिकामा पंप चालू करणार आणि त्याचं सील कोरडं फिरून जळणार. मग हीटरचा गॅसचा कॉक बंद केला. आमचा ओटा पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडा उंच आहे, त्यामुळे वरून हवा आत सोडली की पाइपातलं पाणी आपोआप मागे पूलमध्ये उतरतं. ज्यांचा ओटा पातळीच्या खाली असेल त्यांनी पूलकडून येणारे आणि पूलकडे जाणारे व्हॉल्व्ह आधी बंद करायला हवेत, नाहीतर उघडलेल्या भोकातून सगळा पूल अंगणात येईल.

फिल्टरच्या माथ्यावरची हवेची चावी उघडली आणि फुस्स आवाज झाला. मग पंप. पंपाच्या तोंडाशी जाळीची टोपली असलेला डबा असतो, त्याला पारदर्शक झाकण. टॉर्च त्यावर धरला तर आत पाण्यावर बर्फाच्या लांब, चपट्या सुया धरायला लागलेल्या दिसत होत्या, काठाकडून टोपलीच्या दिशेने, एकमेकींवर आडव्यातिडव्या. वीज जाऊन तासही झाला नव्हता! झाकण फिरेना. हातोडी मारायचा मोह होतो, पण थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. सासूबाईंनी स्वयंपाकघरात गॅसची शेगडी काडीने पेटवून पातेलंभर पाणी कोमट केलं, तेच झाकणाच्या कडेने हळूहळू ओतलं आणि झाकण निघालं. टोपली बाहेर काढून सुया हाताने उचलून टाकल्या.

पंपाला खाली दोन बूच असतात, एक टोपलीच्या डब्याला आणि एक पंख्याच्या घराला. लोक पहिला काढतात आणि पाणी गेलं असं समजतात. पंख्याकडचं पाणी मात्र तिथेच राहतं, आणि पंप फुटतो तो तिथेच. दोन्ही बुचं बोटांनी फिरतात, पण त्या थंडीत हातमोजे घालून ती पकडता येत नाहीत आणि हातमोजे काढले की बोटं काम करत नाहीत. मी एक बूच काढायचे, हात काखेत धरायचे, मग दुसरं. फिल्टरच्या तळाचं मोठं बूच काढल्यावर पाणी बराच वेळ धो धो वाहिलं, ओट्यावर पसरलं आणि बघता बघता काच झालं. नवरा त्यावर जाडं मीठ टाकत राहिला. प्रत्येक बूच, त्याच्या ओ-रिंगसकट (गळती थांबवणाऱ्या रबरी कडीसकट), मी पंपाच्या टोपलीत टाकत होते. एडिसनचे गृहस्थ तसंच करायचे, म्हणजे उन्हाळ्यात शोधाशोध होत नाही. मिठापासून क्लोरीन तयार करणारा सेल दोन्हीकडचे युनियन (हाताने सोडवता येणारे पाइपाचे जोड) सोडवून घरात आणला. प्रेशर गेज काढला. तीन तोंडांच्या व्हॉल्व्हचे दांडे मधोमध फिरवले, म्हणजे कुठल्याही बाजूला पाणी अडकायला नको. स्किमरमध्ये, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या पूलच्या कडेच्या डब्यात, अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली खोचली. बर्फ फुगला तर बाटली चेपेल, स्किमरची भिंत वाचेल.

राहिला हीटर. त्याचं बूच धातूचं, आणि इथल्या जड पाण्याच्या चुन्याने ते जागच्या जागी सिमेंट झाल्यासारखं बसलं होतं. घर आम्ही पूलसकट घेतलं होतं आणि ते बूच बसवल्यापासून कुणी काढलं असेल असं वाटत नव्हतं. पान्ह्याला पाइप लावून जोर दिला, कोमट पाणी ओतलं, परत जोर दिला. आणखी जोर दिला असता तर हेडरच, म्हणजे नळ्या जिथे जोडलेल्या असतात तो भागच, तुटला असता. शेवटी हीटरला येणारा पाइप युनियनशी सोडून जेवढं पाणी येतं तेवढं काढलं. आतल्या नळ्यांत काही राहणार हे दिसत होतं.

मंगळवारी पहाटे डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उणे १९ नोंदलं गेलं. १९४९ नंतर इतकी थंडी इथे पडली नव्हती. पूलवर बर्फाचा थर धरला होता. मागचं दार मी कुलूप लावूनच ठेवलं होतं, कारण तो थर दिसायला पक्का असतो आणि लहान मुलाचंही वजन पेलेलच असं नाही. शेजारच्या घरात पोटमाळ्यातला पाइप फुटून छतातून पाणी आलं. त्यांनी मेन कॉक बंद केला तेव्हा संडासाला पाणी आमच्या पूलमधून बादल्यांनी दिलं. पूलच्या कडेच्या टाइल्सजवळ बर्फावर घाव घालायचा नाही, थोडं आत भोक पाडायचं, एवढं मी त्यांना सांगितलं. त्यांचा पूल मागे होताच, पण पोटमाळ्याचा व्याप सोडून तिकडे बघायला त्यांना उसंत नव्हती. त्यांचा पंप, फिल्टर आणि हीटर तिन्ही गेले.

वीज आली तेव्हा गल्लीत टाळ्या वाजल्या. मी ब्रेकर मात्र बंदच ठेवले. जे काही फुटलं असेल ते बर्फ वितळेपर्यंत बर्फानेच बुजलेलं असतं, आणि अर्धवट वितळलेल्या पाइपात पंप चालवला तर दाबाने उरलंसुरलं फाटतं. हवा शून्याच्या बऱ्यापैकी वर येऊन ओटा कोरडा झाला तेव्हा एकेक बूच ओ-रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लावून परत बसवलं, पंपाच्या डब्यात बादलीने पाणी भरलं, हवेची चावी उघडी ठेवली आणि पंप अगदी कमी वेगाने सुरू केला. हवा गेली, चावीतून पाणी आलं, ती बंद केली. पंप बाहेरून कोरडा. फिल्टरही कोरडा. कुठे गळती नाही. मग हीटरच्या पेटीखालून पाण्याची धार सुरू झाली.

पत्रा काढून बघितलं. तांब्याची एक नळी लांबीत, वाटाण्याची शेंग उकलावी तशी उकलली होती. तांबं कडांशी पातळ होत बाहेर वळलेलं. नुसत्या पाण्याने हे केलं यावर हात लावून बघितल्यावरच विश्वास बसतो. हीटरच्या पुढे एक चेक व्हॉल्व्ह आहे, पाणी उलटं येऊ नये म्हणून. हीटर आणि त्या व्हॉल्व्हच्या मध्ये अडकलेलं पाणी कुठेच जाऊ शकलं नव्हतं. तिथल्या पीव्हीसी एल्बोला, म्हणजे पाइपाच्या वळणावरच्या जोडाला, केसाएवढी चीर गेली होती. ज्यांच्या ओट्यावर चेक व्हॉल्व्ह आहे त्यांनी त्याचं झाकण काढून मागचं पाणी वेगळं सोडायला हवं. हे कुठल्याही सूचनापत्रकात ठळक लिहिलेलं मी पाहिलेलं नाही.

पूलचं पाणी फिरत ठेवायचं तर हीटर वगळून सरळ पाइप टाकणं भाग होतं. दुकानांत दोन इंची कपलर आणि एल्बोचे खण रिकामे. सगळ्या राज्यातले पाइप एकाच वेळी फुटलेले, शिवाय पीव्हीसीचा कच्चा माल बनवणारे गल्फ किनाऱ्यावरचे कारखानेही त्याच थंडीने बंद पडलेले. आमच्या मराठी ग्रुपवर मग अदलाबदल सुरू झाली: कुणाकडे एल्बो, कुणाकडे सोल्यूशनचा डबा, कुणाकडे पाइप कापायची करवत. जुना एल्बो कापून, कडा घासून, सोल्यूशन लावून मी जोडणी केली आणि रात्रभर वाळू दिली.

इन्शुरन्सचं प्रकरण जास्त लांबलं. आमच्या पॉलिसीत एक कलम होतं, गोठण्याने कुंपण, फरसबंदी, अंगण किंवा स्विमिंग पूलचं झालेलं नुकसान वगळणारं. ते इथल्या बऱ्याच पॉलिसींत असतं. कोविडमुळे अ‍ॅडजस्टरने (नुकसान तपासणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाने) व्हिडिओ कॉलवर पाहणी केली आणि याच कलमावर बोट ठेवून नाही म्हटलं. मी लेखी कळवलं की पूल म्हणजे जमिनीतला हौद. त्याला तडा गेलेला नाही आणि त्याचे पैसे मी मागतही नाही. हीटर आणि पाइप ही ओट्यावर बसवलेली वेगळी सामग्री आहे. सोबत हीटरचा मॉडेल नंबर, फाटलेल्या नळीचा फोटो मोजपट्टीसकट आणि रिकामा केलेला पंप दाखवणारे त्या रात्रीचे फोटो जोडले. नवऱ्याने ते वेळेसकट काढून ठेवले होते आणि त्यांचा मोठा उपयोग झाला, कारण नुकसान टाळायला आम्ही शक्य ते सगळं केलं हे त्यातून आपोआप दिसत होतं. फेरतपासणीत दावा मान्य झाला. घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्केवारीने डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, कापलं, घसारा (हीटर जुना असल्याबद्दलची वजावट) रोखून ठेवला, आणि तो नवीन हीटरचं बिल पाठवल्यावर दिला. हातात आलं ते खर्चाच्या निम्म्याहून कमी, पण फोनवरच्या पहिल्या नकारावर थांबलो असतो तर तेही आलं नसतं. नकार लेखी मागा आणि त्यात कुठल्या कलमाने नाकारलं ते लिहून घ्या, हे मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असते.

हीटर मिळायला उन्हाळा उजाडला. आदल्या वर्षी घरात बसलेल्या लोकांनी नवीन पूल बांधायचा सपाटा लावला होता, त्यामुळे माल आधीच कमी होता, त्यात हा गारठा. शेजाऱ्यांचं याहून कठीण झालं. पंप नसल्याने त्यांचं पाणी मार्चमध्येच हिरवंगार झालं आणि नंतर क्लोरीनच्या गोळ्या मिळेनात. ऑगस्ट २०२० च्या लॉरा वादळात लुइझियानातल्या लेक चार्ल्सजवळचा गोळ्यांचा मोठा कारखाना जळाला होता. पंप बदलतानाही त्यांना घाई झाली. १९ जुलै २०२१ पासून पूलच्या पंपांसाठी केंद्र सरकारचे वीजबचतीचे नवे नियम लागू होणार होते आणि जुन्या पद्धतीचे एका वेगाचे मोठे पंप बनणं थांबणार होतं. त्यांनी कमीजास्त वेगाचा पंप घेतला. तोच योग्य होता असं माझं मत आहे. हिवाळ्यात तो अगदी हळू फिरवून रात्र रात्र चालू ठेवता येतो, वीजही कमी खातो.

पूल बसवून देणारे घरमालकाला रंगीत दिवे मोबाइलवरून कसे लावायचे ते तासभर शिकवतात. बुचं कुठे आहेत ते दाखवत नाहीत. हे मला मुळातच चुकीचं वाटतं. नवीन हीटर बसवायला आलेल्या माणसाकडून मी ओट्यावरच्या प्रत्येक बुचावर नंबराचा बिल्ला बांधून घेतला, आणि कुठलं आधी काढायचं त्याचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून कंट्रोल बॉक्सच्या दाराला आतून चिकटवला, इंग्रजीत आणि मराठीत. ओ-रिंगचा एक जादा संच त्याच दारात असतो. जनरेटरचा विचारही केला होता, पण पंप २३० व्होल्टचा. दुकानात सहज मिळणारे लहान जनरेटर ११०-१२० व्होल्टचे असतात, त्यावर तो चालत नाही. मोठा घ्यायचा तर खर्च हीटरच्या वर जातो.

डिसेंबर २०२२ मध्ये नाताळच्या तोंडावर परत तशीच लाट आली. या वेळी ग्रिड टिकली आणि पंप चालू राहिला, म्हणून मी काहीच उघडलं नाही. वीज आहे तोवर पाणी फिरतं ठेवायचं, गेली की वाट न बघता काढायचं. रिकामं करायचं काम शेजारीही शिकून घेतात. दर नोव्हेंबरात आम्ही एका शनिवारी दोन्ही घरांची सगळी बुचं एकदा काढतो, चुना घासतो, ग्रीस लावून परत बसवतो. नवीन हीटरचं बूच अजून तरी पान्ह्याशिवाय निघतं.